शकुनबाईनं धुतलेलं दिल

अकोटच्या बाजारात एकदा मटणावरून भांडण जुंपलं, तेव्हा शकुन नऊ-दहा वर्षांची होती. ती बापाच्या दुकानामागं बोकडाच्या पोटाची वजरी धूत बसली होती, म्हणून तिला कोणाचं तोंड दिसलं नाही. ऐकू मात्र शब्द न् शब्द आला. कापसाच्या जिनिंगमधले एक दिवाणजी नुकतंच नेलेलं मटण अर्ध्या तासात परत घेऊन आले होते. वास आला म्हणून नाही, हाडं जास्त निघाली म्हणूनही नाही. ते हललं म्हणून.

दिवाणजींच्या बायकोनं थाळीत मटण काढून मीठ चोळलं, तशी एक बोटी आपोआप थरथरली. बाई जी ओरडत निघाली ती शेजारणीच्या देवघरात जाऊनच थांबली.

“तुवं मले जित्तं मटण देल्लं,” दिवाणजी म्हणत होते.

“जित्तं नाही जी, ताजं,” शकुनचा बाप म्हणाला.

“मंग हललं काहून? जीव गेलता का नव्हता गेला?”

“बोकडाचा गेलता. मटणाचा मांगून जाते.”

त्यावर दिवाणजींनी विचारलं, जीव म्हणजे काय एस्टी आहे, एक भरली की दुसरी मागून सुटायला? बापानं सांगितलं, तसंच समजा. एका जनावराला जीव किती असतात यावर मग ज्यांना मटण घ्यायचं नव्हतं तेही येऊन बोलून गेले. शेवटी दिवाणजी तेच मटण मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिले, आणि ते पुरतं गप्प झाल्याची खात्री पटली तेव्हाच घरी गेले.

शकुनची शाळा चौथीत सुटली. बाजाराच्या दिवशी शाळेत जायचं नाही असा तिचा नेम होता, आणि अकोटात तिला रोजच बाजार दिसायचा. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती अमरावतीत आली. नवरा शेषराव, घर खाटकाचंच, इतवारा बाजारात मटणाचं दुकान. पहाटे अब्दुल गफ्फारभाई येत, अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवत, आपला वाटा घेऊन चहा पीत बसत. पुढचं काम नवराबायकोचं. कातडं उतरवणं, फोडणं शेषरावाचं. आतलं जे काही निघेल ते सगळं शकुनचं. कलेजी, दिल, गुर्दे, तिल्ली, वजरी हे तिच्याएवढं निर्मळ करणारी बाई त्या गल्लीत दुसरी नव्हती. तिनं धुतलेली वजरी गिऱ्हाईक मुद्दाम नाकाजवळ नेऊन पाही, वास येत नाही याची गंमत वाटायची म्हणून. सासूनं तिला उभ्या जन्मात एकदाच चांगलं म्हटलं, तेही या धुण्यावरूनच. पोरं मोठी होऊन पुण्याला गेली, शकुनची शकुनबाई झाली, गुडघे बोलायला लागले, पण हात पाण्यात असला की बाईचं मन ठिकाणावर असायचं.

तर अशा या बाईच्या आयुष्यात एका आखाडात वर्षाली आली.

आखाड म्हणजे मटणाचा ऐन सिझन. दुकानासमोर गर्दी, आणि त्या गर्दीत एक पोरगी नाकाला रुमाल लावून, डोळे मिटून उभी. मटणाच्या दुकानात डोळे मिटून आलेलं गिऱ्हाईक शेषरावानं चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. ही मोर्शीकडच्या संत्रेवाल्यांची लेक. कॅम्पाकडच्या कॉलेजात पीएचडी करत होती. घरात चार पिढ्यांत कोणी अंडं फोडलेलं नाही, आणि हिनं अभ्यासाला विषय घेतला तो असा.

“मला बोकडाचं हृदय पाहिजे,” ती म्हणाली.

“हृदय कीर्तनात भेटते बाई,” शेषराव म्हणाला. “इथं दिल भेटते.”

आता भर बाजारात, दहा माणसांदेखत, साठीच्या माणसाजवळ दिल मागायचं हे काही त्या पोरीच्यानं होईना. तिनं तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं, कान लाल झाले, आणि शेवटी ती म्हणाली, “काळीज द्या.” शेषरावानं अर्धा किलो कलेजी तोलून दिली. त्याची काय चूक? पुस्तकातलं काळीज धडधडतं, खाटकाकडचं काळीज तव्यावर परततात.

दुपारी पोरगी रडवेली होऊन परत आली. तिच्या पीएचडीच्या गाईड गीतांजली मॅडम म्हणे पोट धरून हसल्या, आणि प्रयोगशाळेतल्या धम्मदीपनं ती कलेजी स्वतःच्या डब्यात भरून नेली. शकुनबाई हात पुसत बाहेर आली, पोरीला आत नेऊन बसवलं, आणि तिला नेमकं काय पाहिजे ते नीट विचारून घेतलं.

पोरीला पाहिजे होतं ते असं. माणसाच्या हृदयाची नळी बुजली की रक्त पोचत नाही, रक्त नाही तर प्राणवायू नाही. मग हृदयाच्या पेशींच्या आत, जिथं ताकद तयार होते तिथं, काय-काय बिघडतं आणि किती वेळात, हे तिला मोजायचं होतं. त्यासाठी ताज्या दिलाचा एक तुकडा लगेच मोजायचा, बाकीचे दहा, वीस, तीस मिनिटं हवेवाचून ठेवून मग मोजायचे. बाकीचे कितीही मरोत, पहिला तुकडा जिवंत पाहिजे; नाही तर तुलना कशाशी करणार?

“म्हंजे बोकडाचा जीव गेल्यावर दिलाचा किती मांगून जाते, हे पाह्यतं तू,” शकुनबाई म्हणाली.

वर्षालीनं रुमाल नाकावरून खाली घेतला. “हो काकू. एवढंच.”

“मंग हे तं माह्या बापाले मालूम होतं. किती मिनिटं ते नव्हतं मालूम.”

त्या दिवसापासून दिल पोचवायचं काम शकुनबाईनं अंगावर घेतलं. वर्षालीला पहाटेपासून सगळी भांडी, मशीनं बर्फासारखी थंड करून तयार राहावं लागे; ती बाजारात येणार कधी? तिनं एक रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास आणून दिला. आत गार साखरेचं पाणी, त्यात आणखी दोन-तीन औषधं. दिल निघालं की थेट यात टाकायचं, बाकी काहीच करायचं नाही, असं ती दोनदा बजावून गेली.

काहीच करायचं नाही. हे वाक्य शकुनबाईनं तसंच ऐकलं, जसं कोणतीही बाई पाहुण्याच्या तोंडून ऐकते.

पोरगी माळकऱ्याच्या घरची, रक्ताच्या थेंबाला भिणारी, आणि तिच्या हातात ते तसंच चिकट दिल द्यायचं? शकुनबाई रोज ते नळाखाली धरून दोन पाण्यांनी धुई, दाबून-दाबून आतलं रक्त काढी, शुद्ध घरात जायचं म्हणून चिमूटभर हळद लावी, आणि मग मोठ्या निगुतीनं थर्मासात सोडी. शेअर ऑटोत तो थर्मास मांडीवर घेऊन ती जयस्तंभावरून इर्विन चौक, तिथून कॅम्प अशी जाई. शेजारची बाई विचारी, मावशी, डब्यात काय आहे? ही सांगे, दिल. ऑटोत मग तिला बसायला ऐसपैस जागा मिळे.

आणि प्रयोग रोज फसे.

वर्षालीच्या मशीनवर एक रेघ निघायची. दिलातल्या पेशींचा गाळ डबीत टाकला की रेघेनं काहीतरी करायला पाहिजे होतं, आणि ती गोठ्यातल्या म्हाताऱ्या म्हशीसारखी जागची हलायची नाही. आखाड गेला. श्रावणात सोमवार-शनिवारी बोकडच पडायचं नाही, जे दिवस मिळाले ते वाया गेले. पोळा झाला. गणपती बसले. मॅडमनी त्या मशीनची मुदत दिवाळीपर्यंत मागून घेतलेली; दिवाळीनंतर ते दुसऱ्या विद्यार्थ्याला लागणार होतं. पाच वर्षांचं शिक्षण त्या एका न हलणाऱ्या रेघेपाशी येऊन अडलं होतं.

एक दिवस धम्मदीपनं गेटावर थर्मास घेताना हळूच सांगितलं, “मावशी, राग नका मानू. दिल मेलेलंच येऊन राहिलं म्हणते मॅडम.”

शकुनबाईला ते इतकं लागलं की ती घरी जाऊन जेवली नाही. शेषराव म्हणाला, अवं, बोकड कापल्यावर दिल मरणारच, त्यात तुझा काय अपमान झाला? पण तिच्या हातून गेलेला माल खराब, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. कुठंतरी स्वच्छतेतच आपण कमी पडतो आहोत असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून दोन पाण्यांची पाच पाणी झाली, आणि हळदही जरा वाढली.

भाद्रपद संपता-संपता वर्षाली एका संध्याकाळी शकुनबाईच्या घरी आली. हातात घरच्या बागेतली चार संत्री. चेहरा असा, की शकुनबाईनं काही न विचारता पोह्याला कांदा चिरायला घेतला, मग पोरगी माळकऱ्याची हे आठवून तो बाजूला ठेवून बटाटा चिरला. पोरीनं सांगितलं, उद्यापासून येऊ नका काकू. मॅडम म्हणतात पहिला तुकडाच मेलेला असेल तर पुढचं मोजण्यात अर्थ नाही. हा विषय सोडून द्यावा लागेल.

“सोडाचा तं सोड,” शकुनबाई म्हणाली. “पण मी तीन महिने काय वाहून नेलं, ते तरी सांग. मले सगळं नाही समजलं.”

ओट्यावर सकाळच्या उसळीसाठी हरभरे भिजत होते. शकुनबाई ते निवडत ऐकत राहिली आणि वर्षाली बोलत राहिली. आधी मरगळल्यासारखी, मग विषय आवडीचा असल्यानं हळूहळू रंगात येऊन.

तिनं सांगितलं, की शरीराच्या एकेका पेशीत बारीक-बारीक गिरण्या असतात, मायटोकाँड्रिया नावाच्या. कातडी दुपदरी, आणि इतकी नाजूक की विचारू नका. दिलाच्या पेशीत तर त्या हजारोंनी, जवळजवळ तिसरा हिस्सा जागा त्यांचीच, कारण दिलाला रात्री नाही, रविवार नाही, कधीच सुट्टी नाही.

“बाईच्या जातीचं दिसते,” शकुनबाई म्हणाली.

आपण खाल्लेली साखर, तेल-तूप त्या गिरण्यांत प्राणवायूच्या जोरावर जळतं, त्यावर चाक फिरतं, आणि जे पीठ पडतं ती ताकद. हे पीठ साठवून ठेवता येत नाही. दिलाजवळ असतं ते दहा-बारा ठोक्यांपुरतं; दळायचं आणि लगेच खायचं. हवा थांबली की चाक अडतं. मग पेशी घाबरून साखर अर्धीकच्चीच जाळते. त्यातून पीठ निघतं चिमूटभर, आणि आंबट पाणी मात्र फार.

शकुनबाईनं मान हलवली. आंबटपणा तिला ठाऊक होता. दमून आलेल्या, पळवलेल्या बोकडाचं मटण हाताला वेगळंच लागतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

“अन् सगळ्यात वाईट काय होते माहीत आहे का काकू? हवा नसली की ते चाक उलटं फिराले लागते. जे काही थोडं पीठ उरलं असते, ते ती गिरणीच खाऊन टाकते.” रंगात आली की पोरीची पुस्तकी मराठी सुटून मोर्शी बाहेर येई.

“आमच्या थोरल्या दिरासारखं,” शकुनबाई म्हणाली. “कमाई होती तवापर्यंत घरात धान्य आणे. काम सुटलं तं घरातल्या कोठ्या विकाले काढल्या.”

वर्षाली कितीतरी दिवसांनी हसली. “बरोबर तेच. म्हणून तर दिल निघाल्याबरोबर थंड करायचं. थंडीत भूकही कमी, नासाडीही कमी. आणि म्हणून ते साखरेचं पाणी. साध्या पाण्यात टाकलं तर पाणी आत शिरते, गिरण्या फुगतात अन् फुटून जातात. हे तुमचे हरभरे फुगले ना, तसे. हरभरा निदान फुगून थांबते.”

शकुनबाईचा हात हरभऱ्यात होता तिथंच राहिला.

“साधं म्हंजे कोणतं पाणी?”

“कोणतंही. नळाचं.”

शकुनबाईच्या मनात काय-काय येऊन गेलं ते तिचं तिला माहीत. गप्प बसली असती तर कोणाला कधीच कळलं नसतं. पोरगी उद्यापासून येणार नव्हती, थर्मास परत गेला असता, आणि इतवाऱ्यात शकुनबाईचं धुण्याचं नाव होतं तसं राहिलं असतं. तिनं हरभऱ्यातून हात काढला, पदराला पुसला.

“वर्षाली, माय, मी तं ते रोज धुते.”

“काय धुता?”

“दिल. आधी दोन पाण्यानं धुवत होती. तुह्या त्या धम्मदीपनं मेलेलं म्हटलं, तवापासून पाच पाण्यानं.” आणि आता निघालंच आहे तर सगळंच निघू दे म्हणून ती पुढं म्हणाली, “अन् हळद लावते.”

वर्षालीनं पिशवीतून वही काढली, पानं उलटली, आणि एका ओळीवर बोट ठेवून बसून राहिली. रोजच्या नोंदीत तिनं लिहून ठेवलं होतं: पाण्याला पिवळसर झाक, बहुधा चरबी. तीन महिने चरबी.

“मी म्हटलं होतं ना काकू, काहीच करायचं नाही.”

“अवं, पाव्हणाही तसंच म्हणते. म्हून काय त्याले तसाच जाऊ देतो आपण?”

त्यावर ती पोरगी जी हसायला लागली, ती ओट्याला टेकून खालीच बसली. शकुनबाईला रडू फुटलं. शेषराव दुकान बंद करून घरात शिरला तर एक बाई रडते आहे, दुसरी हसते आहे, आणि मधे हरभरे सांडलेले. कोण गेलं म्हणून त्यानं विचारलं. वर्षाली डोळे पुसत म्हणाली, कोणी नाही जी काका, उलट वाचलं म्हणायचं.

ती रात्रीची परत गेली तेव्हा थर्मास शकुनबाईकडेच ठेवून गेली.

आता हिशेब सोपा होता. नवरात्राचे नऊ दिवस बोकड कमी, तेवढे सोडले तर दिवाळीपर्यंत हातात मोजके वीसेक दिवस. पहिल्या दिवशी गफ्फारभाईंची सुरी फिरली, शेषरावानं छाती उघडली, दिल शकुनबाईच्या हातात आलं, गरम, अजून थरथरतं. आणि हात आपोआप नळाकडे गेला. चाळीस वर्षांची सवय, तिला कोण सांगणार की आज सुट्टी आहे. गफ्फारभाई चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, “भाभी, नळालेच कुलूप लावू का?” तिनं दात-ओठ खाऊन ते रक्ताचं दिल तसंच थर्मासात सोडलं. कॉलेजात गेटावर धम्मदीपच्या हाती देताना तिला असं झालं, जसं न विंचरलेली पोर शाळेत धाडते आहे.

त्या दिवशी रेघ हलली. फार नाही, पण हलली. गिरण्या अर्ध्यामुर्ध्या जिवंत होत्या.

अर्ध्यामुर्ध्यावर मॅडमचं भागणार नव्हतं. वर्षालीनं वेळ मोजली. इतवाऱ्याहून शेअर ऑटो चार सवाऱ्या भरल्याशिवाय हलत नाही, इर्विन चौकात एक उतरतो, दोन चढतात. पाऊण तास कुठंच गेला नाही. शिवाय अख्खं दिल गार पाण्यात ठेवलं तरी त्याच्या पोटात ऊब राहते. बाहेर थंडी, आत गिरण्या आपलंच पीठ खात बसलेल्या.

हे ऐकून शकुनबाई म्हणाली, की मंग त्याले उभं चिरून टाकू ना, थंडी आत जाऊ दे. साखरेच्या त्याच पाण्यात दाबून रक्त काढू. चिरणं, दाबणं तं माह्या हातचं आहे. धुणंच तेवढं बंद. वर्षालीनं एक जादा बाटली साखरेचं पाणी दिलं, आणि शकुनबाईला हात बुडवायला पुन्हा काहीतरी मिळालं.

दुसरी गोष्ट तिनं स्वतःहून सांगितली. रात्री टेम्पोतून उतरलेलं, कावरंबावरं झालेलं बोकड सकाळी कापलं की मटण चिकट येतं. दोन दिवस दारात बांधून कुटार-पाणी खाल्लेलं, रवंथ करत बसलेलं बोकड पहिलं कापायचं. ही गोष्ट वर्षालीच्या कोणत्याही पुस्तकात सरळ लिहिलेली नव्हती, पण मॅडमनी ऐकल्यावर त्या म्हणाल्या, बाई बरोबर सांगते, भ्यालेल्या जनावराच्या पेशींनी साठवलेली साखर आधीच उडवलेली असते. मॅडमनी ‘बाई’ म्हटलं की ‘ताई’, यावर शकुनबाई आणि धम्मदीप यांच्यात बराच वेळ चर्चा झाली.

राहिला वेळ. शेषरावानं दुकानाची गादी दुपारी बारापर्यंत कधी सोडली नव्हती; लेकाच्या बारशालाही तो बारा वाजून दहा मिनिटांनी आला होता. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, समोर गिऱ्हाइकांची रांग असताना, त्यानं सुरी ठेवली, हात धुतले आणि मोटरसायकल काढली. गफ्फारभाईंना म्हणाला, भाऊ, तराजू पाहा. रांगेतले लोक ओरडायला लागले, तेव्हा त्यानं सांगितलं, “दिलाचं काम आहे बाप्पा, थांबा जरा.” लोकांना वाटलं कोणाला तरी झटका आला. रांग गप्प झाली. दोघांनी तर हातही जोडले.

अकरा मिनिटांत ते कॉलेजात पोचले.

त्या दिवशी वर्षालीनं शकुनबाईला पहिल्यांदा आत बोलावलं. दारात शकुनबाईनं चपला काढल्या, देवळात काढतात तशा. धम्मदीप म्हणाला, मावशी, इथं उलटं आहे, चपला घाला. ती तशीच एका स्टुलावर अंग चोरून बसली. वर्षालीनं दिलाचे बारीक तुकडे केले, वाटले, गाळले, गरागरा फिरवले. तास-दीड तास गेला. शेवटी बोटाच्या पेराएवढ्या डबीत मातकट पाण्याचे चार थेंब सोडले आणि टीव्हीसारख्या पडद्याकडे पाहत राहिली.

रेघ थोडी सरळ गेली, आणि मग खाली घसरली. अशी घसरली जशी उतारावरची सायकल.

शकुनबाई स्टुलावरून पुढं झुकली. “गेली ना माय खाली.”

“खालीच जायला पाहिजे काकू.” वर्षालीनं पडद्यावर बोट टेकवलं. “ती रेघ म्हणजे डबीतली हवा. कमी होऊन राहिली, कारण ते पिऊन राहिले.”

“कोण पिऊन राहिले?”

“तुमच्या बोकडाच्या गिरण्या.”

शकुनबाई उठून पडद्याजवळ गेली. बोकड कापून दोन तास होत आले होते. त्याची कलेजी गेली, खांदा गेला, एव्हाना कोणाच्या तरी घरी रस्साही उकळला असेल. आणि इथं त्याच्या दिलातले हे न दिसणारे जीव डबीत बसून हवा पीत होते. तिनं नकळत हात जोडले, मग कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. धम्मदीपनं पाहिलं होतं. तो थर्मास विसळायला वळला.

मग वर्षालीनं तीस मिनिटं हवेवाचून ठेवलेल्या तुकड्याची रेघ काढली. ती आळसावलेली, उतरू-न-उतरू करत गेली. अर्ध्या तासात किती गिरण्या बसल्या, ते आता आकड्यात सांगता येत होतं. आणखी एक गोष्ट तिनं दाखवली. इतका वेळ गुदमरलेल्या गिरण्यांना एकदम हवा दिली, तर सगळ्याच सुधारत नाहीत. काही त्या हवेनंच जळतात, आतून विषारी धूर निघतो. म्हणून माणसाची बुजलेली नळी उघडली तरी डॉक्टर लोक निर्धास्त होत नाहीत.

शकुनबाईला यात नवल वाटलं नाही. कोंदलेल्या चुलीत घाईनं फुंकर घातल्यावर कोणाच्या भुवया जळतात, हे सांगायला तिच्या दोन जावा अजून हयात होत्या. हळूहळू हवा दे म्हणावं, एवढंच ती म्हणाली. वर्षालीनं हातातलं काम थांबवून तिच्याकडे पाहिलं. मॅडमनी म्हणे पुढच्या कोणा विद्यार्थ्यासाठी हाच विषय लिहून ठेवला होता.

घरी जाताना मोटरसायकलवर मागं बसून शकुनबाईनं नवऱ्याला सगळं सांगितलं. वाऱ्यात त्याला अर्धंच ऐकू आलं. त्यानं विचारलं, पास झालं का दिल? ती म्हणाली, झालं. मग राजकमल चौकात त्यानं गाडी थांबवून तिला उसाचा रस पाजला. चाळीस वर्षांत तीही पहिलीच वेळ. तिनं दुसरा ग्लास मागितला, बर्फ नको म्हणाली. बर्फ आता तिला कामाची वस्तू वाटत होती.

पुढचे दिवस रेघ रोज खाली गेली. एक दिवस बिघडली ती मशीनची वायर उंदरानं कुरतडल्यामुळं, त्यात शकुनबाईचा काही हात नव्हता आणि तसं तिनं सगळ्यांना सांगितलं. मोर्शीहून वर्षालीचे वडील येऊन भेटून गेले. गृहस्थ दुकानाच्या पायरीवर चढले नाहीत. रस्त्यावरून नमस्कार केला आणि संत्र्यांचं एक पोतं ओट्यावर ठेवलं. गफ्फारभाईंनी त्यांना चहा विचारला. त्यांनी क्षणभर विचार केला, आणि रस्त्यातच उभ्यानं घेतला.

दिवाळीला चार दिवस उरले तेव्हा वर्षालीचा फोन आला, की आकडे पुरे झाले, उद्याचं एक शेवटचं. शकुनबाई बरं म्हणाली आणि पहाटेचा गजर नेहमीच्या वेळेला लावला.

दारात दोन दिवस बांधलेलं काळं बोकड कुटार खाऊन रवंथ करत होतं. गफ्फारभाई आले, त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, नाव घेतलं. शेषरावानं छाती उघडली. शकुनबाईनं दिल हातात घेतलं, उभं चिरलं, साखरेच्या पाण्यात दोनदा दाबलं, थर्मासात सोडलं, झाकण फिरवलं. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मोटरसायकलवर बसताना गुडघा कुरकुरला, त्याकडे तिनं दुर्लक्ष केलं. जयस्तंभावर दिवाळीच्या पणत्या, फटाक्यांची दुकानं मांडणं चाललं होतं. शेषरावानं कडेकडेनं गाडी काढली.

गेटावर धम्मदीप हात पुढं करून उभाच होता. आत खिडकीतून वर्षाली दिसत होती, हातात मोजे, डोळे बर्फाच्या भांड्यावर. तिनं मान वर केली, ओळखीची हलवली, आणि पुन्हा खाली घातली. बोलायला वेळ कुठला? दिल निघून बारा मिनिटं झाली होती.

“झाकण आज जरा घट्ट बसलं,” शकुनबाई धम्मदीपला म्हणाली. “ओढू नोको, फिरवून उघडजो.”

तो धावत आत गेला. ती शेषरावाच्या मागं बसली आणि म्हणाली, चला, भाजीत टाकायला सांबार नाही, वाटेत कोथिंबिरीची एक जुडी घ्यायची आहे.